मेसेजला उत्तर आलं नाही, तर पुन्हा लिहावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरी बदलायची म्हणून लिंक्डइनवर आपल्या क्षेत्रातल्या काही वरिष्ठांना मेसेज केले. काहींनी कनेक्शन रिक्वेस्ट स्वीकारली पण पुढे काही बोलले नाहीत, एकांनी मेसेज वाचल्याची खूण दिसते, बाकीच्यांकडून काहीच नाही. आता पुन्हा लिहावं का, किती दिवसांनी, आणि लिहिलं तर आपण लाचार दिसू का?

मी बरीच वर्षं भरतीचं काम करते. असे मेसेज मला रोज येतात, आणि उमेदवार शोधताना मलाही अनोळखी माणसांना असेच मेसेज पाठवावे लागतात. त्यामुळे दोन्हीकडची बाजू मला ठाऊक आहे. तेवढ्या आधारावर सांगते: हो, पुन्हा लिहा. एकदा तर नक्कीच. फक्त त्या दुसऱ्या मेसेजने समोरच्याला उत्तर देणं पहिल्यापेक्षा सोपं व्हायला हवं. नुसती आठवण करून देणारा मेसेज जवळपास नेहमीच वाया जातो, कारण पहिल्या वेळी उत्तर द्यायला जे जड गेलं ते दुसऱ्या वेळीही तसंच जड राहतं.

आधी तुमच्या मेसेजचं तिकडे काय होतं ते पाहू. तुम्ही त्या माणसाच्या कनेक्शनमध्ये नसाल, तर मेसेज एरवीच्या इनबॉक्समध्ये न पडता मेसेज रिक्वेस्टच्या वेगळ्या कप्प्यात जाऊ शकतो, आणि तो कप्पा कित्येक जण महिनोन्महिने उघडत नाहीत. कनेक्शनमध्ये असाल, तरी इनबॉक्सचे 'फोकस्ड' आणि 'अदर' असे दोन भाग असू शकतात आणि तुम्ही दुसऱ्या भागात पडलेले असू शकता. शिवाय ज्यांना सध्या नोकरी बदलायची नाही, ती माणसं लिंक्डइन अधूनमधूनच उघडतात, तेही मोबाइलवर, दोन मीटिंगच्या मध्ये. मेसेज वाचतात, 'याला नीट उत्तर द्यायला हवं, संध्याकाळी बघू' असं मनाशी म्हणतात, आणि संध्याकाळपर्यंत त्यावर आणखी पाच मेसेज येऊन बसतात. एकदा उघडलेला मेसेज ठळक अक्षरांत दिसत नाही, म्हणजे पुन्हा लक्ष वेधणारं काही उरत नाही. वाचल्याची खूण एवढंच सांगते की तो संवाद एकदा उघडला गेला. ती दिसायला दोघांचीही सेटिंग चालू असावी लागते, त्यामुळे खूण नसण्यालाही अर्थ नाही. त्या खुणेवरून माणसाच्या मनात काय आहे याचे तर्क करत बसू नका.

आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. जितका उशीर होतो, तितकी उत्तर देण्याची भीड वाढते. दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर सहज चाललं असतं. तीन आठवड्यांनी वाटतं, एवढ्या उशिरा एकच ओळ काय लिहायची. मोठं उत्तर लिहायला वेळ नसतो. मग गप्प राहणंच सोपं पडतं. अशा वेळी तुमच्याकडून एक हलका, सोपा मेसेज आला तर तो त्रास वाटत नाही. उलट सुटका वाटते.

लेखी विनंतीचं हे दुबळेपण अभ्यासातूनही दिसलेलं आहे. मदत मागणाऱ्यांना वाटतं त्यापेक्षा बरेच जास्त लोक हो म्हणतात, असं फ्रान्सिस फ्लिन आणि व्हॅनेसा बोन्स या संशोधकांच्या 2008 मधल्या अभ्यासात आढळलं होतं, पण ती मागणी थेट, समोरासमोर केलेली होती. पुढे 2017 मध्ये बोन्स आणि महदी रोघनीझाद यांनी अनोळखी लोकांना प्रत्यक्ष आणि ईमेलवर एकाच कामाची विनंती करून पाहिली. प्रत्यक्ष विचारणं 34 पट परिणामकारक ठरलं. विशेष म्हणजे ईमेल पाठवणाऱ्यांना आपल्याला याहून पुष्कळ जास्त होकार मिळतील असं वाटत होतं. तुमचे मेसेज याच प्रकारात मोडतात. उत्तर न येणं ही त्या माध्यमाची सर्वसाधारण स्थिती आहे. तुमच्या लायकीवर कोणी निकाल दिलेला नाही. नकाराबद्दलही एक सांगण्यासारखं आहे. एकदा 'नाही' म्हटलेला माणूस पुढच्या, वेगळ्या विनंतीला हो म्हणण्याची शक्यता मागणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त असते, असं 2014 च्या एका अभ्यासात दिसलं. मग जिथे 'नाही' असंही कोणी म्हटलेलं नाही, तिथे दार बंद आहे असं धरून चालायचं कारणच नाही.

आता मुख्य काम. दुसरा मेसेज लिहिण्याआधी पहिला उघडा आणि तुम्हाला अजिबात न ओळखणाऱ्या माणसाच्या नजरेने वाचा. स्वतःला एकच विचारा: याला उत्तर द्यायचं तर समोरच्याला नेमकं काय काय करावं लागेल?

'नमस्कार सर, मला या क्षेत्रात यायचं आहे, कृपया मार्गदर्शन करा.' मेसेज नम्र आहे, पण मार्गदर्शन कशाबद्दल? सरांनी आधी तुमची प्रोफाइल उघडायची, तुमचं कुठे अडलं असेल याचा अंदाज बांधायचा, मग त्यावर काहीतरी लिहायचं. इतकं काम अनोळखी माणसासाठी फार थोडे जण करतात. 'तुमच्या कंपनीत माझ्याजोगी जागा आहे का?' यातही जागा शोधायचं काम तुम्ही त्यांच्यावर टाकलेलं असतं. कंपनीच्या वेबसाइटवर ते तुम्हालाच करता आलं असतं, आणि ते त्यांना कळतं. 'पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का?' हे वरवर लहान वाटतं. पण त्यासाठी वेळ ठरवायची, ती पाळायची, आणि बोलणं कशाबद्दल होणार हे माहीत नसताना हो म्हणायचं. पंधरा मिनिटांची तीस होतात, हा अनुभव प्रत्येक वरिष्ठाने घेतलेला असतो. आणि नुसतं 'हाय' किंवा 'कसे आहात?' लिहून उत्तराची वाट पाहत थांबू नका. समोरच्याला कळतं की यामागे काहीतरी मागणी येणार आहे, पण ती काय हे कळायलाही आधी उत्तर द्यावं लागतं. असे मेसेज मी स्वतः सहसा उघडून तसेच सोडते.

रेफरलची, म्हणजे कंपनीतल्या माणसाने आपलं नाव तिथल्या जागेसाठी सुचवण्याची गोष्ट याहून वेगळी आहे आणि त्यावर जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त मौन याच मागणीच्या वाट्याला येतं. मागणाऱ्याला वाटतं, एक फॉर्म भरायचा, दोन मिनिटांचं काम. फॉर्म खरंच दोन मिनिटांचा असतो. पण पुष्कळ ठिकाणी त्यात 'तुम्ही या उमेदवाराला कसे ओळखता?' असा प्रश्न असतो, आणि रेफर करणाऱ्याचं नाव त्या अर्जाला चिकटून पुढे जातं. उमेदवार न कळवता मुलाखतीला गैरहजर राहिला, तर आम्ही भरतीवाले पहिल्यांदा ज्याने नाव सुचवलं त्यालाच विचारतो. म्हणून अनोळखी माणसाने रेफरलच्या विनंतीवर गप्प राहणं हा बहुतेक वेळा सावधपणा असतो. इथे तीच विनंती पुन्हा केल्याने काही हलत नाही. एक पायरी खाली उतरा: त्या जागेबद्दल, त्या टीमच्या कामाबद्दल एखादा नेमका प्रश्न विचारा. त्यावर बोलणं झालं, तुमचं काम त्यांना थोडं कळलं, तर रेफरल ते आपणहून देऊ करतात. मी हे घडताना अनेकदा पाहिलं आहे.

एक उदाहरण लिहूनच दाखवते. समजा पहिला मेसेज असा होता:

'नमस्कार मॅडम, मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे आणि डेटा इंजिनिअरिंगकडे वळायचं आहे. कृपया मार्गदर्शन करावं.'

उत्तर आलं नाही की बहुतेक जण हे लिहितात: 'मॅडम, माझा मेसेज पाहिलात का? उत्तराच्या प्रतीक्षेत.' यात मॅडमना नवं काहीच मिळालं नाही, वर आपण उत्तर दिलं नाही याची टोचणी मिळाली. त्याऐवजी हे पाहा:

'नमस्कार मॅडम. मागच्या आठवड्यात टेस्टिंगमधून डेटा इंजिनिअरिंगकडे वळण्याबद्दल लिहिलं होतं. तो प्रश्न फार मोघम होता, म्हणून आता नेमकं विचारतो. एसक्यूएल मी रोज वापरतो, पायथन शिकून एक लहान डेटा पाइपलाइन तयार केली आहे. नव्याने येणाऱ्याने यापुढे आधी स्पार्क शिकावं, की क्लाउडवर एखादा पूर्ण प्रोजेक्ट करावा? एका शब्दात सांगितलंत तरी पुरेल. घाई नाही, आणि सध्या जमणार नसेल तरी हरकत नाही.'

हा मेसेज त्याच संवादात, पहिल्या मेसेजच्या खाली पाठवायचा, म्हणजे मागचा संदर्भ वर दिसत राहतो. तरीही एका वाक्यात तो पुन्हा सांगायचा, कारण वर सरकवून वाचण्याचे कष्ट त्यांना द्यायचे नाहीत. मधल्या काळात तुम्ही स्वतः काय केलंत ते आलं पाहिजे. माझ्या मते या मेसेजमधलं सगळ्यात वजनदार वाक्य तेच आहे. ज्याला मदत केली तर ती वाया जाणार नाही अशा माणसाला मदत करावीशी वाटते. प्रश्न असा की दोन मीटिंगच्या मध्ये उभ्याउभ्या अंगठ्याने उत्तर देता यावं. आणि शेवटी सुटायची वाट मोकळी ठेवायची. 'घाई नाही' हे शब्द शिष्टाचारापुरते नाहीत. बोन्स आणि लॉरा जुर्जे यांचा 2021 चा अभ्यास सांगतो की, कामाच्या वेळेबाहेर आलेल्या ईमेलला पाठवणाऱ्याची जितक्या लवकर उत्तराची अपेक्षा असते, त्यापेक्षा जास्त घाई घेणाऱ्याला जाणवते; तातडीचं नाही असं स्पष्ट लिहिलं की तो ताण उतरतो.

मेसेज मोबाइलच्या एका पडद्यावर मावेल एवढाच ठेवा. न मागता रिझ्युमे जोडू नका; प्रोफाइल त्यांच्या समोरच आहे, ती नीट भरलेली असू द्या. नावात किंवा कंपनीच्या नावात चूक झालीच, तर लिंक्डइनवर पाठवल्यापासून 60 मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्त करता येतो, हे लक्षात असू द्या. एकच मजकूर दहा जणांना पाठवताना ही चूक हमखास होते, आणि ती दिसली की पुढचं कोणी वाचत नाही.

लाचारीबद्दल विचारलं आहे, त्याचं माझं उत्तर असं: दोनदा विचारण्याने कोणी लाचार दिसत नाही. लाचारी दिसते ती भाषेत. 'तुमच्या अमूल्य वेळेतला थोडा वेळ', 'पुन्हा पुन्हा त्रास दिल्याबद्दल क्षमस्व', 'तुम्हीच माझी शेवटची आशा आहात', अशा वाक्यांनी समोरच्यावर ओझं पडतं आणि तो मागे सरतो. तितकीच वाईट दुसऱ्या टोकाची भाषा: 'आपण उत्तर देणं योग्य समजलं नाहीत', 'निदान नाही म्हणायचं सौजन्य तरी'. न मागितलेल्या मेसेजला उत्तर देणं हे कोणाचं कर्तव्य नसतं. बरोबरीच्या व्यावसायिकाशी बोलता तसं बोला, साधं आणि सरळ.

किती दिवसांनी? साधारण आठवडा ते दहा दिवस. त्याच्या आत लिहिलं तर तगादा वाटतो, महिना उलटला तर पहिला मेसेज नसल्यासारखाच होतो. एखाद्या जागेच्या अर्जाची मुदत जवळ असेल तर तीन-चार दिवसांनी लिहा आणि कारण म्हणून ती तारीखच सांगा. मुलाखतीनंतर 'अमुक दिवसापर्यंत कळवू' असं सांगितलं असेल, तर तो दिवस जाऊ द्या, वर दोन कामाचे दिवस थांबा आणि मग विचारा. तिथे विचारणं हा तुमचा हक्क आहे. वार कोणता, वेळ कोणती, यावर फार डोकं खपवू नका. मध्यरात्री आणि सुट्टीच्या दिवशी पाठवू नका, एवढं पुरे.

कनेक्शन रिक्वेस्टच स्वीकारली गेली नसेल, तर तो वेगळा प्रकार आहे. तिथे घाईने रिक्वेस्ट मागे घेऊन पुन्हा पाठवायची युक्ती करू नका. मागे घेतली की त्याच माणसाला तीन आठवड्यांपर्यंत पुन्हा पाठवता येत नाही. शिवाय 'मी यांना ओळखत नाही' असं बऱ्याच जणांनी नोंदवलं, तर लिंक्डइन तुमच्या रिक्वेस्टवर निर्बंध आणू शकतं. रिक्वेस्टसोबत जोडायची चिठ्ठी जेमतेम 200 ते 300 अक्षरांची असते आणि मोफत खात्याला दर महिन्याला अशा चिठ्ठ्या मोजक्याच मिळतात, म्हणून त्या खरोखर महत्त्वाच्या माणसांसाठी राखून ठेवा. रिक्वेस्ट पडून असताना करण्यासारखी चांगली गोष्ट म्हणजे त्या माणसाने काही लिहिलं असेल तर त्यावर विचारपूर्वक प्रतिक्रिया देणं. 'खूप छान सर' याचा उपयोग नाही. त्यांच्या मुद्द्याला तुमच्या कामातला एखादा अनुभव जोडा, किंवा खरी शंका विचारा. नाव ओळखीचं झालं की रिक्वेस्ट स्वीकारायला हात आपोआप पुढे होतो. मात्र त्यांच्या पोस्टखाली 'सर, मेसेज पाहा' असं चारचौघांत लिहू नका. तो पिच्छा पुरवणं झालं.

हेच इतर मार्गांना लागू आहे. लिंक्डइनवर उत्तर नाही म्हणून कुठून तरी नंबर मिळवून व्हॉट्सॲपवर लिहिणं, वैयक्तिक इन्स्टाग्रामवर गाठणं, हे करू नका. कामासाठीचा ईमेल पत्ता त्यांनी स्वतः जाहीर केलेला असेल, तर दुसरा मेसेज तिथे पाठवायला हरकत नाही, आणि कित्येकदा तिथे उत्तर लवकर येतं. पण तो लिंक्डइनवरच्या मेसेजऐवजी पाठवा. दोन्हीकडे एकाच दिवशी नको.

दुसऱ्या मेसेजलाही उत्तर आलं नाही, तर थांबा. चिडून कनेक्शन तोडू नका, निरोपाचा टोमणा पाठवू नका. तिसरा मेसेज फक्त नवं कारण घडल्यावर, काही महिन्यांनी: तुम्ही त्याच क्षेत्रात नोकरीला लागलात, त्यांच्या एखाद्या लेखामुळे तुम्ही काही करून पाहिलंत आणि ते जमलं, किंवा त्यांच्या टीममध्ये तुमच्या कामाशी नेमकी जुळणारी जागा निघाली. मागे उत्तर आलं नव्हतं याचा उल्लेख तेव्हा अजिबात करायचा नाही.

त्या एका माणसावर अडून राहू नका, हे मात्र मी जरा आग्रहाने सांगेन. नोकरी शोधणारे बहुधा मेसेज करतात ते विभागप्रमुखांना, ज्यांच्याकडे वेळ सगळ्यात कमी आणि असे मेसेज सगळ्यात जास्त असतात. तुमच्यापेक्षा दोन-तीन वर्षं पुढे असलेल्या माणसाला लिहा. त्याला तुमची अडचण ताजी आठवते, उत्तर द्यायला तो आनंदाने तयार असतो, आणि आतली खबर त्याच्याकडे कमी नसते. दुसरं म्हणजे जुनी, विरळ झालेली ओळख: आधीच्या कंपनीतला शेजारच्या टीमचा सहकारी, एखाद्या प्रशिक्षणात भेटलेली व्यक्ती. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्येच दाखवलं होतं की, ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली त्यांतल्या सहापैकी जेमतेम एकाची ती ओळख वारंवार भेटणाऱ्याची होती; बाकीच्यांच्या कामी अधूनमधून किंवा क्वचित भेटणारी माणसं आली होती. 2022 मध्ये लिंक्डइनच्याच सुमारे 2 कोटी सदस्यांवरच्या प्रयोगांतून त्याला दुजोरा मिळाला, आणि एक बारकावाही कळला: अगदी घट्ट किंवा अगदीच तुटक ओळखीपेक्षा मधली, काहीशी विरळ ओळख नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडते. अशा माणसाला लिहिलेला मेसेज अनोळखीपणाची अडचण घेऊन जात नाही. शिवाय ज्यांच्याकडून उत्तर येत नाही त्यांच्या आणि तुमच्या सामाईक ओळखीत कोणी आहे का, हेही पाहा. त्यांच्यामार्फत आलेल्या दोन ओळींच्या परिचयाला उत्तर टाळणं फार अवघड जातं.

कोणाला कधी लिहिलं, काय विचारलं, पुढे कधी लिहायचं, याची एक साधी नोंद एक्सेलमध्ये किंवा वहीत ठेवा. नाहीतर एकाच माणसाला तोच प्रश्न दोनदा जातो, किंवा आठवडा उलटायच्या आतच हात शिवशिवतात.

उत्तर उशिरा आलं, अगदी दोन महिन्यांनी आलं, तरी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उत्तर द्या. 'बऱ्याच दिवसांनी वेळ मिळाला' असं काही लिहू नका. आभार माना, त्यांनी सांगितलेल्यातलं तुम्ही काय करणार आहात ते एका वाक्यात लिहा, आणि लगेच पुढची मागणी करू नका. ते केल्यावर काय झालं हे काही आठवड्यांनी कळवा, कुठलाही प्रश्न न जोडता. सल्ला घेऊन परत कळवणारी माणसं इतकी थोडी असतात की त्यांची नावं आमच्या लक्षात राहतात, आणि एखादी जागा निघाली की पहिल्यांदा तीच आठवतात.